उघड होण्याचे भय : बाबा पदमनजी आणि 'यमुनापर्यटन'

'यमुनापर्यटन' (१८५७) आपल्याकडे बहुधा दोन प्रकारे शिकवले जाते. एक, मराठीतील पहिली कादंबरी म्हणून. दुसरे, हिंदू विधवांच्या हालअपेष्टांचे दस्तऐवज म्हणून. पुस्तकाच्या जोडशीर्षकातच विधवांच्या स्थितीचे निरूपण असल्याने हे वाचन चुकीचे म्हणता येत नाही. मात्र त्यातला ख्रिस्ती भाग 'प्रचारकी' ठरवून बाजूला सारला जातो, आणि त्याबरोबर या कादंबरीचे मूळही नजरेआड होते, असे आम्हाला वाटते. ते मूळ म्हणजे भय : मनाला पटलेली गोष्ट चारचौघांत उघड करण्याचे भय.

हे भय कशाचे होते, ते आधी पाहू. १८३९ साली मुंबईत दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांच्या धाकट्या भावाला, श्रीपतीला, न्यायालयाने आईबापांच्या ताब्यात दिले. पुढे त्या मुलाला जातीत परत घ्यावे की नाही यावरून मोठा वाद माजला आणि त्याची बाजू घेणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांनाही लोकरोष सोसावा लागला. १८५० च्या २१ व्या कायद्याने धर्मांतरामुळे वारसा बुडणार नाही अशी तरतूद केली. पण कायद्याने वारसा मिळाला तरी पंगत मिळत नव्हती. पाणवठा, सोयरीक, तिरडीला खांदा देणारे हात, हे सारे जातीच्या स्वाधीन होते. त्या काळी मरणापेक्षा आपल्या माणसांत परके होण्याची धास्ती अधिक होती.

बेळगावच्या एका कासार कुटुंबात १८३१ साली जन्मलेले पदमनजी मिशनच्या शाळेत शिकले आणि पुढील शिक्षणासाठी मुंबईला आले. तिथे ते परमहंस मंडळीचे सभासद झाले. १८४९ च्या सुमारास स्थापन झालेल्या या मंडळीला जातिभेद मान्य नव्हता. ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खाणे, ही सभासदत्वाची कसोटी होती. पण तो पाव बंद दाराआड खायचा होता. सभासदांची नावे गुप्त होती. पुरेसे लोक मिळाले म्हणजे मग उघड व्हावे, असा विचार होता. ती वेळ आली नाही. १८६० च्या सुमारास मंडळीची कागदपत्रे चोरीला गेली, नावे फुटण्याच्या भीतीने सभासद पांगले आणि मंडळी मोडली. आम्हाला त्यांची थट्टा करायची नाही. ती आपल्या पिढीतली विचारी माणसे होती, आणि १८६७ च्या प्रार्थना समाजाची पूर्वतयारी त्यांच्यातच झाली. तरीही बुद्धीने जातिभेद नाकारल्याने मनातले भय गेले नाही, ही नोंद करावीच लागते.

पदमनजी या दाराआडून बाहेर पडले. १८५४ साली बेळगावात, म्हणजे आपल्याच गावी, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 'अरुणोदय' (१८८८) या आत्मचरित्रात त्यांनी आपली ही वाटचाल सांगितली आहे. ते वाचताना जाणवते की मत बदलणे हा त्यांच्यापुढचा प्रश्न फार आधी सुटला होता. अडले होते ते मत बोलून दाखवण्यापाशी. मग श्रद्धेने असे काय दिले जे तर्काने दिले नव्हते? आमच्या मते तिने प्रश्नच बदलला. मंडळीत विचारले जाई, 'आपण किती जण आहोत?' श्रद्धेत विचारले जाते, 'मी कोणापुढे उत्तरदायी आहे?' दुसऱ्या प्रश्नाला संख्येची वाट पाहावी लागत नाही. योहानाच्या शुभवर्तमानात रात्रीच्या अंधारात येशूकडे येणारा निकदेम आहे. तोच शेवटी, शिष्यही पांगलेले असताना, सुगंधी द्रव्ये घेऊन येशूच्या दफनाला येतो. भित्र्या माणसाला ही परंपरा हाकलून देत नाही. तिने त्याच्यासाठी अंधारातून उजेडात येण्याची वाट ठेवली आहे.

आता कादंबरीकडे वळू. यमुना आणि विनायकराव हे मनाने ख्रिस्ती मताकडे वळलेले, पण उघड धर्मांतर न केलेले जोडपे आहे. प्रवासात भेटणाऱ्या विधवांची दुःखे यमुना पाहते, तेव्हा ती सधवा आहे, पाहणारी आहे. विनायकरावाच्या मृत्यूनंतर तिला स्वतःलाच केशवपनाला सामोरे जावे लागते, आणि अखेर ती बाप्तिस्मा घेते. केशवपन ही समाजाने स्त्रीच्या देहावर उमटवलेली उघड खूण; बाप्तिस्मा ही तिने स्वतः पत्करलेली. लपून राहण्याची सोय आता संपलेली असते. कोणती खूण घेऊन उघड व्हायचे, एवढेच तिच्या हाती उरते. बाप्तिस्म्यानंतर तीनच वर्षांनी हे लिहिणाऱ्या लेखकाने आपला अनुभव एका विधवेच्या वाट्याला दिला, असे आम्ही मानतो.

या कादंबरीवरचे आक्षेप आम्ही नाकारत नाही. तिच्यातील धर्मचर्चा लांबतात, आणि स्वधर्मात राहू इच्छिणाऱ्या विधवेला ती फारसा मार्ग दाखवत नाही. पण १८५६ च्या कायद्याने पुनर्विवाह वैध ठरूनही तो करायला धजावणारे थोडेच निघाले, हे ध्यानात घ्यावे. कायद्याने परवानगी दिली. धैर्याचा उगम दुसरीकडे शोधावा लागला.

पदमनजींची ईश्वरसेवा पुढे मुख्यतः लेखणीने झाली. पाळकपद सोडून ते लेखनाकडे वळले आणि १९०६ मध्ये निधन होईपर्यंत त्यांची शंभराहून अधिक लहानमोठी पुस्तके झाली. त्यांतली बरीचशी आज कोणी वाचत नाही. निदान 'यमुनापर्यटन' शिकवताना शेजारी 'अरुणोदय' उघडे ठेवावे, एवढीच आमची विनंती. मग ज्या भागाला आपण प्रचार म्हणून ओलांडून जातो, तिथे एक घाबरलेला तरुण उभा दिसेल.