आईची टिकली आणि वेबकॅम

परवा आईकडे गेलो तर तिच्या लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर चक्क एक मरून टिकली! मला हसू आलं. "अगं, कॅमेरा चालू असला की शेजारचा दिवा लागतो. दिवा नाही म्हणजे कोणी बघत नाही," मी शहाणपणा शिकवला. तिने ऐकून घेतलं, टिकली मात्र काढली नाही. घरी येऊन सहज वाचायला बसलो आणि रात्रीचे दोन वाजले.

वेबकॅम जन्माला आला तो कॉफीपायी. केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत 'ट्रोजन रूम'पाशी कॉफीचं एक भांडं असे. जिने उतरून यावं तर भांडं रिकामं! म्हणून १९९१ मध्ये क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर आणि पॉल यार्डेट्झकी यांनी त्यावर कॅमेरा रोखला. १२८ बाय १२८ ठिपक्यांचं करडं चित्र, मिनिटाला साधारण तीनदा बदलणारं. १९९३ मध्ये ते वेबवर आलं आणि जगभरचे लोक केंब्रिजची कॉफी बघू लागले. २००१ मध्ये तो कॅमेरा बंद झाला. भांड्याला कसली आलीय लाज? (नावात 'ट्रोजन' असणं हा निव्वळ योगायोग, पण मजेशीर.)

पुढे कॅमेरा माणसांकडे वळला. १९९४ मध्ये 'क्विककॅम' बाजारात आला, मग लॅपटॉपच्या झाकणातच डोळा बसला.

२०१० मध्ये पेनसिल्व्हेनियातलं लोअर मेरियन प्रकरण गाजलं. शाळांनी मुलांना लॅपटॉप दिले होते. चोरीला गेला तर सापडावा म्हणून दुरूनच कॅमेरा चालू करायची सोय त्यात होती. एका मुलाला त्याचाच घरातला फोटो शाळेत दाखवला गेला, तेव्हा बिंग फुटलं. स्क्रीनची चित्रं धरून हजारो फोटो निघाले. दावे ६,१०,००० डॉलरवर मिटले. इथे हॅकर नव्हताच कुणी. सोय होती, ती वापरली गेली, बस.

आणि माझा तो दिवा? २०१३ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या ब्रॉकर आणि चेकोवे यांनी जुन्या मॅकबुकवर दाखवून दिलं, की कॅमेऱ्याच्या आतला छोटा प्रोग्रॅम बदलला तर दिवा विझलेला ठेवूनही चित्र घेता येतं. ते वाचल्यावर मला आईसमोरचं माझं भाषण आठवलं.

सकाळी फोन केला. "दिव्याचं मी चुकीचं सांगितलं."

"दिव्याचं मला काय माहीत? त्याच खोलीत मी साडी नेसते. समोर डोळा नको, एवढंच."

मी माझ्यासाठीही दोन टिकल्या मागितल्या. अनोळखी मेलमधल्या फायली उघडू नकोस, अपडेट आलं की घेत जा, हेही सांगितलं. तिने विचारलं, "टिकलीने दिसायचं थांबलं. ऐकू जायचं रे?"

काम झालं की बंदच करत जा, एवढंच म्हणालो.