रस्त्याचा नकाशा आणि गाडीवान

नकाशा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे शाळेच्या भिंतीवरचा रंगीत कागद येतो. आम्ही सातवीनंतर शाळा सोडली. पुढला भूगोल मालवाहू गाड्यांच्या चालकांत बसून शिकलो. त्यामुळे नकाशा काढतो कोण आणि त्यावरून चालतो कोण, हा प्रश्न आम्हांला आधी सुचतो.

वाहतुकीच्या नकाशाला रस्ता कुठे आहे एवढेच सांगून भागत नाही, त्यावरून किती जाते तेही दाखवावे लागते. दिजाँ ते म्युलूज हा लोहमार्ग कोणत्या गावांवरून न्यावा, याचा फ्रान्समध्ये वाद चालला असता, १८४५ साली शार्ल मिनार या इंजिनियराने तिथल्या प्रवाशांचा असा नकाशा काढला. माणसे जास्त तिथे पट्टा रुंद. ज्याला वाचता येत नाही त्यालाही तो समजावा!

यंत्राला मात्र पट्टा दिसत नाही. १९६० नंतरच्या दशकात कॅनडात रॉजर टॉमलिन्सन यांनी जमिनीच्या पाहणीसाठी गणकयंत्रात नकाशे भरले. भौगोलिक माहिती प्रणाली हे नाव तिथलेच. रस्त्यांचे काम अमेरिकेच्या जनगणना खात्याने १९६७ साली न्यू हेवन शहरात केले. प्रत्येक रस्त्याचे चौकापासून चौकापर्यंत तुकडे पाडले, दोन्ही टोकांना क्रमांक दिले, डावी-उजवीकडचे घरक्रमांक नोंदले. हेतू शिरगणतीचा, पण कोणता तुकडा कोणाला जोडलेला आहे, हे त्यामुळे यंत्राला कळू लागले. जवळची वाट शोधण्याची रीत तर आधीच तयार होती. डाइक्स्ट्रा या डच गणितज्ञाने ती १९५६ साली ॲमस्टरडॅमच्या एका कॅफेत, कागद-पेन्सिलीवाचून, वीसेक मिनिटांत बसवली होती.

परंतु मालाची गाडी एकाच घरी जात नाही. शंभरावर थांबे असले म्हणजे त्यांचे क्रम मोजता मोजत नाहीत. यूपीएस या अमेरिकन कंपनीने त्यासाठी ओरायन नावाची प्रणाली बसवली. २०१६ पर्यंत सुमारे ५५ हजार मार्ग तिच्याखाली आले. वर्षाला दहा कोटी मैल वाचतात, असा कंपनीचा हिशेब. इंधन वाचते, धूर कमी होतो. हे आम्ही नाकारीत नाही.

मात्र जो नकाशा गाडीला ओळखतो, तो गाडीवानालाही ओळखतो. तिथल्या टीमस्टर्स संघटनेने करारातच लिहून घेतले की, लबाडीचा अपवाद सोडला तर केवळ जीपीएसच्या माहितीवरून कोणाला कामावरून काढता येणार नाही. २०२३ च्या करारात चालकावर रोखलेल्या कॅमेऱ्यांना मनाई झाली. ही कलमे कोणी दान दिलेली नाहीत.

आमच्याकडलाही एक अनुभव सांगतो. यंत्राने जवळची गल्ली दाखवली म्हणून आमचा एक सभासद टेंपो घेऊन तीत शिरला आणि दोन तास अडकला. त्या दिवशी तिथे आठवडी बाजार होता. चालकाला ते ठाऊक होते, त्याने फोनवर सांगितलेही; उत्तर आले, नकाशाप्रमाणे जा. नंतर उशिराबद्दल त्याचाच रोज कापला गेला. आम्ही बाजाराचा वार आणि वेळ कागदावर लिहून मालकापुढे ठेवली. तीन आठवड्यांनी रोज परत मिळाला. बाजार मात्र त्या नकाशात अजून आलेला नाही.