इंजिन बदललं, पंख्याचं काय?

मागच्या भागात शक्तिमानवर बोललो, तर निम्म्या लोकांनी ‘वन टन’ची आठवण काढली. आज तिच्याबद्दलच बोलू. पण इंजिनाबद्दल कमी आणि इंजिनापुढे फिरणाऱ्या पंख्याबद्दल जास्त. जुन्या पेट्रोल ट्रकमध्ये डिझेल इंजिन बसवायचं म्हटलं की सगळे आधी हॉर्सपॉवर विचारतात. गाडी घाट चढणार की मध्येच वाफा सोडत उभी राहणार, हे मात्र बऱ्याचदा पंखा ठरवतो.

हा इंजिन बदलण्याचा उद्योग आजचा नाही. त्याचा एक धागा मी राहतो त्या म्हैसूरला येऊन भिडतो. संस्थानचे माजी दिवाण विश्वेश्वरय्या, आपल्या पुण्याच्या कॉलेजात शिकलेले, तीसच्या दशकात मोटार कारखान्याची योजना घेऊन खटपट करत होते. सोलापूरचे वालचंद हिराचंद त्यांच्या बरोबरीने उभे राहिले. म्हैसूर संस्थानात कारखाना काढायचा बेत इंग्रज सरकारच्या नाखुशीपायी बारगळला. शेवटी १९४४ साली वालचंदांनी मुंबईत प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याहून डॉज ट्रक बाहेर पडू लागले. मूळचा अमेरिकन डॉज पेट्रोलवर चालणारा. आपल्याकडे डिझेल स्वस्त, म्हणून पुढे त्यात पर्किन्सचं पी-सिक्स इंजिन आलं. मद्रासची सिम्पसन कंपनी ते बनवायची. विलायतेत १९३७ साली आलेलं हे इंजिन पेट्रोल ट्रकांना डिझेल करण्यासाठीच नावाजलेलं होतं.

फौजेची वाट वेगळी. १९५९ पासून जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत जर्मन मॅन कंपनीच्या परवान्यावर तीन टनी शक्तिमान तयार होऊ लागला, तो डिझेल. तिथेच निस्सानची एक टनी आणि पुढे जोंगा बनू लागली. या दोघींत जवळजवळ चार लिटरचं, सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. चालायला गोड, पण प्यायला राक्षस. सरकारी टाकीतून तेल मिळत होतं तोवर कुणाची तक्रार नव्हती. बाद झालेल्या गाड्या लिलावात इस्टेटवाल्यांनी आणि हौशी मंडळींनी घेतल्या, तेव्हा तिचं पोट कळलं. मग भंगार बाजारातून मिळेल ते डिझेल इंजिन आणून बसवणं सुरू झालं. कारखान्यातून डिझेल म्हणूनच आलेल्या ट्रकचा पंखा कारखान्याच्या इंजिनिअरांनी ठरवलेला असायचा. इथे तो ठरवायचं काम मिस्त्रीच्या गळ्यात पडलं.

आता थोडं गणित, घाबरू नका. डिझेल इंजिन तेलातल्या उष्णतेचं जास्त काम करून घेतं, म्हणून तेवढ्याच ताकदीला रेडिएटरकडे थोडी कमी उष्णता जाते. यावरून लोक म्हणतात, जुनाच पंखा चालेल. पण तो पंखा ३,२०० फेऱ्यांसाठी बेतलेला, आणि नवं डिझेल २,४०० लाच दम टाकतं. पंख्याची हवा फेऱ्यांच्या प्रमाणात, म्हणजे हवा उरली पाऊणपट. सपाट रस्त्यावर हे जाणवतही नाही, कारण गाडीच्या वेगानेच वारा लागतो.

पण म्हैसूरहून उटीला मसिनगुडी-कल्हट्टीवरून जा. छत्तीस हेअरपिन वळणं, पहिला-दुसरा गिअर, ताशी जेमतेम १५ किलोमीटर. वारा नाही आणि इंजिन पूर्ण भारावर. तिथे रेडिएटरमागे पंखा एकटाच लढतो. तो कमी पडला तर हेड गॅस्केट जातं, नशीब फुटकं असेल तर हेडलाच तडा. इंजिन बदलून वाचवलेले पैसे एका चढात संपतात.

उपाय दोन. पुली बदलून पंखा जोरात फिरवा, किंवा पंखाच मोठा घ्या. मी मोठ्या पंख्याच्या बाजूचा. व्यास वाढला की हवा त्याच्या घनाने वाढते. १६ इंचांऐवजी १८ इंच घेतला की त्याच फेऱ्यांना १.४२ पट हवा. म्हणजे पाऊणपटीचा तोटा भरून थोडी शिल्लकच.

बन्नीमंटपच्या एका गॅरेजात अशाच वन टनचं काम चाललं होतं. मिस्त्रीने पंखा १८ इंचांचा लावला होता, तरी पाणी तापतच होतं. नवं इंजिन जरा मागे बसलेलं, त्यामुळे पंखा रेडिएटरपासून वीतभर लांब आणि भोवती पत्र्याचा घेर नाही. पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी बॉनेटखालची तीच गरम हवा घुसळत होता. पंखा उलटा करून लावू का, असं मालकाने विचारलं. “सर, स्क्रू उलटा धरला म्हणून आटे बदलतात का?” मिस्त्री म्हणाला. अगदी खरं. पंखा उलटवल्याने वाऱ्याची दिशा बदलत नाही, फक्त पात्यांचा बाक चुकीच्या बाजूला येतो आणि हवा घटते. त्याने पुलीवर स्पेसर घालून पंखा पुढे आणला, पात्यांची निम्मी रुंदी घेरात येईल असा पत्रा वाकवला, आणि काम झालं.

विजेच्या पंख्याबद्दल खूप जण विचारतात. कारमध्ये उत्तम. पण १२ व्होल्टवर एक किलोवॉटचा पंखा म्हणजे ८० अँपिअरच्या वर करंट. जुन्या गाडीच्या वायरिंगला ते झेपायचं नाही. भरलेल्या ट्रकला पट्ट्यावरचाच पंखा बरा. फक्त नाल्यात खोल पाण्यात उतरण्याआधी फौजेत करायचो तसं करा, पंख्याचा पट्टा काढून ठेवा. नाहीतर पाण्याच्या दाबाने पाती पुढे वाकतात आणि थेट रेडिएटर फाडतात. काठावर आल्यावर पट्टा परत चढवायला विसरू नका, आणि इंजिन बदलल्याची नोंद आर.टी.ओ.कडे करायलाही.

पुढच्या भागात जोंगा.