'ऑनसाइट' का पाठवतात? कंपनीचं गणित आणि कर्मचाऱ्याचं गणित

आयटी कंपनीत कुणाला 'ऑनसाइट' मिळालं की टीममध्ये पेढे वाटले जातात. ऑनसाइट म्हणजे परदेशातल्या क्लायंटकडे जाऊन काम करणं. पण जे काम पुण्यात बसून होतं, त्यासाठी कंपनी माणूस अमेरिकेत का पाठवते?

कंपनीचं गणित
भारतात काम स्वस्तात होतं, म्हणून बहुतेक टीम इथेच असते. मात्र क्लायंटला नेमकं काय हवंय हे समजून घ्यायला आणि काही अडलं तर लगेच बघायला समोर कुणीतरी लागतं. भारतात रात्र असते तेव्हा अमेरिकेत कामाचा दिवस असतो. शिवाय ऑनसाइट माणसासाठी क्लायंट तासाला जास्त दर देतो. प्रोजेक्ट माहीत असलेला माणूस पाठवला, तर त्याला नव्याने शिकवावं लागत नाही.

कर्मचाऱ्याचं गणित
डॉलरमधली बचत रुपयांत मोठी होते, गृहकर्ज लवकर फिटतं. क्लायंटशी थेट काम केल्याचा अनुभव पुढच्या नोकरीतही उपयोगी पडतो.

खरी मेख व्हिसात
अमेरिकेसाठी मुख्यतः दोन व्हिसा वापरले जातात.

- एच-१बी: खासगी कंपन्यांसाठी वर्षाला ८५,००० नवे व्हिसा, अर्ज त्याहून कितीतरी जास्त. दुसऱ्या कंपनीत जाता येतं, पण तिने नवा अर्ज करावा लागतो. सप्टेंबर २०२५च्या आदेशाने अमेरिकेबाहेरच्या कर्मचाऱ्यांच्या नव्या अर्जांवर १ लाख डॉलर शुल्क लावलं.
- एल-१: कंपनीच्या एका देशातल्या शाखेतून अमेरिकेतल्या शाखेत बदली. आधीच्या ३ वर्षांत सलग १ वर्ष त्याच कंपनीत परदेशात काम केलेलं हवं. या व्हिसावर दुसऱ्या कंपनीत जाता येत नाही.

दोन्हींत नोकरी गेली, तर अमेरिकेत थांबायला साधारणपणे जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. मुलांची शाळा, घरभाडं, गाडीचा हप्ता, सगळं तेवढ्यात आवरावं लागतं.

जोडीदाराचं काय? एल-१वाल्याच्या जोडीदाराला तिथे नोकरी करता येते. एच-१बीवाल्याच्या जोडीदाराला मात्र ग्रीन कार्डची प्रक्रिया ठरावीक टप्प्यावर पोहोचल्यावरच परवानगी मिळते. म्हणजे पुण्यात दोन पगार आणि तिकडे एकच, असंही होऊ शकतं.

'हो' म्हणण्याआधी विचारा
व्हिसा कोणता? किती काळासाठी? मुदतीआधी परतलो तर बॉण्डचे पैसे भरावे लागतील का? आरोग्य विम्यात कुटुंब आहे का? परत आल्यावर पद आणि पगार काय? उत्तरं तोंडी नकोत, ईमेलवर घ्या.