मदत, परवाना आणि स्वावलंबन : भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात
नागझिरा १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यात होते. याच जिल्ह्यात जवाहरनगर येथे १९६४ मध्ये स्फोटके निर्माण करणारी आयुध निर्माणी स्थापन झाली. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतरचा तो काळ होता. संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी १९६४ मध्ये अमेरिका व सोव्हिएत संघ या दोन्ही देशांना भेट देऊन सहकार्य मिळविण्याचा प्रयत्न केला. १९६५ च्या युद्धात अमेरिकेने भारत व पाकिस्तान या दोघांचीही लष्करी मदत थांबविली. याउलट सोव्हिएत परवान्याने नाशिकजवळ ओझर येथे मिग-२१ विमानांची निर्मिती सुरू झाली. मित्रराष्ट्राकडून येणारा शस्त्रपुरवठा त्याच्या धोरणानुसार खंडित होऊ शकतो. देशात रुजलेली उत्पादनक्षमता मात्र टिकून राहते. जवाहरनगरच्या निर्माणीचे ऐतिहासिक महत्त्व याच दृष्टीने पाहिले पाहिजे.