कमरेवरचा ताण कमी करणारा ‘एक्सोस्केलेटन’ : काय आहे, कसा चालतो, कुणाच्या कामाचा?

मार्केट यार्डातली पोती असोत, फाउंड्रीतले साचे असोत की उसाच्या फडातली तोडणी. दिवसभर वाकून काम करणाऱ्याची आधी कंबर जाते. हा ताण कमी करण्यासाठी अंगावर घालायचे एक साधन परदेशातील कारखाने आणि गोदामांत वापरात येत आहे. त्याचे नाव एक्सोस्केलेटन, म्हणजे शरीराबाहेरचा आधार-सांगाडा.

कंबर का भरते?

कमरेमागचे स्नायू मणक्यापासून साधारण ५ सेंटीमीटरवर असतात. हातातले ओझे मात्र ४० सेंटीमीटर पुढे असते. हिशेब तराजूचा आहे. २० किलोचे ओझे सावरायला स्नायूंना त्याच्या आठपट, म्हणजे १६० किलोची ओढ लावावी लागते. वाकलेल्या अंगाचा भार वेगळाच. हा सगळा दाब मणक्यांमधल्या चकत्यांवर येतो.

दोन प्रकार

पहिला प्रकार बिनमोटरचा. यात स्प्रिंग किंवा ताणणारे पट्टे छाती-खांद्यांपासून मांड्यांपर्यंत जातात. वाकताना ते ताणले जातात आणि उठताना ती ताकद परत देतात. पाठीच्या स्नायूंच्या वाट्याची थोडी ओढ पट्टे घेतात, त्यामुळे मणक्यावरचा दाबही उतरतो. नेदरलँड्सचा ‘लेव्हो’ आणि अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या संशोधनातून आलेला ‘हीरोवेअर एपेक्स’ हे या जातीचे. एपेक्सचे वजन दीड किलोच्या आसपास आहे.

दुसरा प्रकार बॅटरी-मोटरवर चालणारा. जर्मन बायोनिक कंपनीचा ‘क्रे एक्स’ हे त्याचे उदाहरण. यात मदत जास्त मिळते. पण वजन, किंमत आणि चार्जिंगची कटकटही वाढते.

कल्पना जुनी

रशियातील निकोलस याग्न यांनी चालण्या-धावण्याला मदत करणाऱ्या साधनाचे पेटंट १८९० मध्ये घेतले होते. १९६० च्या दशकात अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिकने ‘हार्डिमन’ बनवायला घेतला. तो सुमारे ६८० किलोचा झाला आणि अखंड असा कधी धड चाललाच नाही. २०१८ मध्ये फोर्डने सात देशांतील १५ कारखान्यांत ७५ जाकिटे देण्याचे जाहीर केले. मात्र ती हात वर करून करायच्या कामासाठी, खांद्यांना आधार देणारी होती.

फायदा किती?

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यानुसार, बिनमोटरच्या साधनांमुळे वाकताना-उचलताना पाठीच्या स्नायूंचे काम १० ते ४० टक्क्यांनी कमी झाल्याचे प्रयोगांत दिसले. पण प्रयोगशाळेत स्नायूला आराम मिळणे वेगळे आणि पाच-दहा वर्षांत कंबरदुखीचे रुग्ण घटणे वेगळे. या दुसऱ्या गोष्टीचा भक्कम पुरावा अजून जमलेला नाही.

अडचणीही आहेत. छाती आणि मांडीवर पट्टे काचतात. उन्हात घाम येतो. चालताना किंवा जिना चढताना काही साधने आडवी येतात. अरुंद जागेत ती कुठेतरी अडकण्याची भीती असते.

आपल्याकडच्या कामाला चालेल का?

काम पाहून ठरवावे लागेल. खाली वाकून खोकी उचलणे, ओणवे राहून तोडणी करणे अशा कामाला कमरेचा आधार उपयोगी पडू शकतो. पण पोते पाठीवर किंवा मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणाऱ्याला त्याचा फारसा उपयोग नाही. तिथे भार मानेपासून थेट पायापर्यंत उतरतो. शिवाय साधा प्रकारही लाखाच्या घरात जातो. ही रक्कम हमालाने किंवा कोयत्याने स्वतःच्या खिशातून घालावी, ही अपेक्षाच चुकीची.

आधी ओझे, मग साधन

अमेरिकेतील ‘नायोश’ या संस्थेच्या १९९१ च्या सूत्रात सगळी परिस्थिती अनुकूल असतानाही उचलण्याच्या वजनाची शिफारस २३ किलोच्या वर जात नाही. आपल्याकडे धान्य, साखर, सिमेंटचे पोते ५० किलोचे. म्हणून क्रम असा हवा : पोत्याचे वजन कमी करणे, माल जमिनीवर न ठेवता कमरेच्या उंचीवर ठेवणे, ट्रॉली आणि पट्टा-वाहक वापरणे, कामात विश्रांती देणे. एक्सोस्केलेटन यानंतर.

ते आणायचेच ठरले तर मालकाने आधी कामगारांना काही दिवस घालून पाहू द्यावे, प्रत्येकाच्या मापाचे द्यावे आणि नको म्हणणाऱ्यावर सक्ती करू नये. सगळ्यात महत्त्वाचे, ‘आता आधार आहे ना’ म्हणून दोन पोती जास्त उचलायला लावू नयेत. तसे झाले तर वाचलेला ताण फिरून त्याच कमरेवर येईल.