‘तू कसं काढलंस, सांग ना’ : मुलांनी मुलांना शिकवण्याची दोनशे वर्षं



फेब्रुवारी लागला की भंडारा, तुमसर, साकोली, पवनी, कुठेही जा, अभ्यासिकेत एक दृश्य हमखास दिसतं. दहावीची तीन-चार मुलं एका जुन्या प्रश्नपत्रिकेभोवती बसलेली असतात. पेपर विज्ञान भाग 1 चा. भिंगाचं गणित अडलेलं असतं. एक जण वही पुढे सरकवतो आणि म्हणतो, “तू कसं काढलंस, सांग ना.”

संशोधन आराखडा लिहिताना आपल्यापैकी बरेच जण नेमका हाच विषय घेतात : ‘सहाध्यायी अध्ययनाची परिणामकारकता’. आणि पहिल्या प्रकरणात ‘ही आधुनिक पाश्चात्त्य पद्धत आहे’ असं लिहून मोकळे होतात. इथेच घोळ होतो. या पद्धतीचा इतिहास वाचला तर लक्षात येतं की ती फक्त पाश्चात्त्य नाही, फारशी आधुनिक नाही, आणि मुख्य म्हणजे ती ‘एक’ पद्धत नाही. एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी चालत आल्या आहेत. आजचा लेख त्याबद्दल.

धुळाक्षरांचा लंडन प्रवास

पंतोजींच्या शाळेत एकच गुरुजी आणि सगळ्या वयाची मुलं. साहजिकच मोठा मुलगा लहानाला अक्षरं गिरवायला शिकवायचा. धुळपाटीवर बोटाने अक्षर काढायचं, मोठ्याने म्हणायचं, पुसायचं, पुन्हा काढायचं. कागद नको, शाई नको. दक्षिणेतही थोड्याफार फरकाने हेच चालायचं.

अँड्र्यू बेल हा स्कॉटिश धर्मोपदेशक 1789 मध्ये मद्रासच्या एग्मोर भागातल्या लष्करी अनाथालयाच्या शाळेचा प्रमुख झाला. वाळूत अक्षरं गिरवणारी मलबारी मुलं त्याने पाहिली आणि तोच प्रयोग आपल्या शाळेत करायचं ठरवलं. तिथल्या शिक्षकांनी दाद दिली नाही, म्हणून त्याने एका मोठ्या मुलालाच लहानांच्या वर्गावर नेमलं. प्रयोग जमला. 1797 मध्ये त्याचा अहवाल लंडनला छापला गेला. त्याच सुमारास लंडनमध्ये जोसेफ लँकेस्टर गरीब मुलांसाठी अशीच शाळा चालवू लागला. एक शिक्षक, हाताखाली निवडक विद्यार्थी म्हणजे ‘मॉनिटर’, आणि प्रत्येक मॉनिटरकडे मुलांची एक रांग. शेकडो मुलं, खर्च अगदी थोडा.

ही पद्धत भारतातून गेली हे ईस्ट इंडिया कंपनीलाही मान्य होतं. कंपनीच्या संचालकांच्या 3 जून 1814 च्या खलित्यात भारतातल्या गावशाळांच्या शिकवण्याच्या रीतीचं कौतुक आहे, आणि तीच रीत डॉ. बेल यांच्यामार्फत इंग्लंडात आली असंही म्हटलं आहे.

पुढची गंमत बघा. मुंबईत एल्फिन्स्टन गव्हर्नर असताना 1822 मध्ये हैंदशाळा व शाळापुस्तक मंडळी उभी राहिली. आपल्या मराठी-गुजराती शाळांसाठी या मंडळींनी लँकेस्टरची पद्धत घेतली. म्हणजे गावच्या शाळेतून गेलेली गोष्ट विलायती शिक्का लावून आपल्याकडे परत आली.

पण या पद्धतीत दोष होता. मॉनिटरला स्वतःला एकच पायरी जास्त यायची. तो विचारायचा, रांग म्हणायची, चुकलं की खालचा नंबर. ‘का?’ हा प्रश्न विचारायची सोय नव्हती, आणि विचारला असता तरी मॉनिटरकडे उत्तर नव्हतं. पाठांतर आणि उजळणीपुरती ही रीत चालली. इंग्लंडातही 1846 पासून तिच्या जागी वयाने मोठ्या, पगारी उमेदवार शिक्षकांची योजना आली.

1848 : बरोबरीच्यांची मंडळी

दुसरी परंपरा वेगळी आहे. 1848 मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेतल्या विद्यार्थ्यांनी ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ सुरू केली. प्राध्यापकांचं पाठबळ होतं, पण निबंध लिहायचे, वाचायचे आणि त्यावर वाद घालायचा, हे काम विद्यार्थ्यांचंच. लगेच मराठी आणि गुजराती ज्ञानप्रसारक सभा निघाल्या. 1849 मध्ये याच तरुणांनी मुलींच्या शाळा काढल्या आणि सुरुवातीला स्वतःच तिथे विनावेतन शिकवलं. त्यांच्यात दादाभाई नौरोजी होते. पुढे 1850 च्या दशकात ते त्याच संस्थेत गणित आणि ‘नॅचरल फिलॉसॉफी’चे प्राध्यापक झाले. नॅचरल फिलॉसॉफी म्हणजे आजचं भौतिकशास्त्र.

इथे कुणी मॉनिटर नाही. सगळे जवळपास एकाच पायरीवर. एक मांडतो, दुसरा शंका काढतो, पहिल्याला पुन्हा विचार करावा लागतो. नातं वरून खाली नाही, समोरासमोर आहे.

भौतिकशास्त्राच्या वर्गात हेच नातं परत आलं ते 1991 च्या सुमारास, हार्वर्डमध्ये. एरिक मेझर यांची मुलं अवघड गणितं सोडवत होती, पण न्यूटनच्या नियमांवरच्या साध्या प्रश्नांवर अडखळत होती. मग त्यांनी व्याख्यान थांबवून प्रश्न टाकायला सुरुवात केली : आधी एकट्याने उत्तर द्या, मग शेजाऱ्याला पटवा, मग पुन्हा उत्तर द्या. बरोबर उत्तरांचं प्रमाण चर्चेनंतर वाढायचं.

यावर शंका येते : हुशार मुलाचं ऐकून बाकीच्यांनी उत्तर बदललं असेल तर? 2009 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात याची तपासणी आली. कोलोरॅडो विद्यापीठात आनुवंशशास्त्राच्या वर्गात चर्चेनंतर त्याच संकल्पनेवरचा नवा प्रश्न दिला गेला. मुलांनी तोही चांगला सोडवला. ज्या गटांत सुरुवातीला कुणालाच बरोबर उत्तर येत नव्हतं, अशा गटांतही समज वाढलेली दिसली. माझ्या मते या सगळ्या विषयातला हा सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष आहे. ज्या गावात ट्यूशनचे सर नाहीत, तिथल्या मुलांसाठी तर नक्कीच.

पुन्हा अभ्यासिकेत

आता ते भिंगाचं गणित बघू. बहिर्वक्र भिंग, नाभीय अंतर 20 सेमी, वस्तू 30 सेमीवर. प्रतिमा कुठे? एका मुलीचं उत्तर येतं 12 सेमी. मैत्रिणीचं 60 सेमी.

मैत्रीण दोन प्रकारे मदत करू शकते. पहिला प्रकार : “अगं, वस्तूच्या अंतराला मायनस लाव.” झालं. उत्तर बरोबर येतं, पुढच्या गणितात चूक पुन्हा होते. हा मॉनिटर.

दुसरा प्रकार : “वस्तू नाभीच्या बाहेर आहे ना? मग प्रतिमा वास्तव, भिंगाच्या पलीकडे. वास्तव प्रतिमा नाभीच्या अलीकडे पडेल का? मग 12 कसं येईल?” आता पहिलीला आपली चूक स्वतः शोधावी लागते. आणि दुसरीलाही, चिन्ह नुसतं पाठ होतं की समजलं होतं, हे बोलता बोलता कळतं. अमेरिकेत नोरीन वेब यांनी 1980 च्या दशकात गटांमधली बोलणी तपासली. सविस्तर समजावून सांगणाऱ्याचा फायदा होतो, नुसतं उत्तर मिळालेल्याचा होत नाही, असंच त्यांना आढळलं.

आणखी एक मुद्दा भाषेचा. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात व्ही. जी. कुलकर्णी आणि सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकात महापालिका शाळांतल्या अनुसूचित जातींच्या मुलांबरोबर काम केलं. विज्ञानाच्या पुस्तकाची भाषाच मुलांना अडवते, हे त्यांनी ठामपणे मांडलं. आपल्या भंडाऱ्यात घरी झाडीबोली, जिथे पाण्याला ‘पानी’ आणि डोळ्याला ‘डोरा’ म्हणतात. पुस्तकात मात्र ‘नाभीय अंतर’ आणि ‘अपवर्तनांक’. या दोन्हींमधला पूल बहुतेक वेळा शेजारी बसलेला मित्रच बांधतो. सर जे पुस्तकी मराठीत सांगतात, ते तो घरच्या बोलीत सांगतो. ही मदत गुणपत्रिकेत कुठेच दिसत नाही.

तुमच्या आराखड्यासाठी

म्हणून ‘गट अध्ययनाने गुण वाढतात का?’ असा प्रश्न घेऊ नका. गट म्हणजे काय, हेच त्यात ठरलेलं नाही. एका गटात मॉनिटर असेल, दुसऱ्यात मैत्रीण. दोघांची सरासरी काढली तर हाती काहीच लागणार नाही. आधी ऐका : कोण बोलतंय, कुठल्या बोलीत बोलतंय, उत्तर सांगतंय की कारण, आणि ‘का?’ विचारायची मुभा कुणाला आहे. हे नोंदवायची चौकट तयार करा, मोजमाप त्यानंतर.

आणि या वर्षी दहावीला असलेला भाऊ-बहीण घरात असेल, तर त्यांना एवढंच सांगा : मित्राला उत्तर दाखवण्याआधी त्याचं चुकलेलं उत्तर का चुकलं, ते त्यालाच विचारा.

शंका असतील तर जरूर कळवा. भेटू पुढच्या लेखात.